‘ठसा हाच सुरीचा जन्मदाखला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या शिकारी सुऱ्यांचा काळ कसा ओळखावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या घरी पणजोबांची सुरी आहे, इंग्लंडमधल्या शेफिल्ड या सुऱ्यांसाठी नावाजलेल्या शहरातल्या जोसेफ रॉजर्स कारखान्याची. पात्यावर कारखान्याचा ठसा: मुकुट, त्याच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’, शिवाय चांदणी आणि क्रूस. ‘इंग्लंड’ हा शब्द कुठेही नाही. ‘इंग्लंड’ असेल तर सुरी 1891 नंतरची, असं मीच लेखात लिहिलं होतं. मग नसेल तर ती त्याआधीची, हा तुमचा सरळ हिशेब. तरीही मी फोटो पाहून ‘1880 ते 1905च्या दरम्यान’ असं मोघम उत्तर दिलं. ठसा हाच सुरीचा जन्मदाखला असताना मी नसत्या शंका काढतो आणि घराण्याच्या वस्तूचं मोल उतरवतो, असा तुमचा आक्षेप आहे. सुरी घासून लख्ख करू नका, हा सल्ला कोकणात एकही पावसाळा न काढलेल्या माणसाचा आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात चूक माझीच आहे, पण ती वेगळ्या जागी आहे. 1891ची जी रेघ मी ओढली, ती अमेरिकन कायद्याची. अमेरिकेने 1890 साली मॅकिन्ली टॅरिफ कायदा केला आणि मार्च 1891 पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात तयार झाला हे लिहिणं बंधनकारक केलं. शेफिल्डच्या कारखान्यांचं अमेरिका हे मोठं गिऱ्हाईक, म्हणून त्यांच्या पात्यांवर ‘इंग्लंड’ उमटू लागलं. मुंबईच्या गोदीत उतरणाऱ्या पेटीशी अमेरिकेच्या जकातखात्याचा काही संबंध नव्हता. हे वाक्य लेखात यायला हवं होतं, ते राहिलं आणि त्यामुळे तुमचा हिशेब चुकला. आज ते लेखात घातलं आहे.

याचा अर्थ असा, की अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुरीवर ‘इंग्लंड’ नसेल तर ती 1891 आधीची असण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्या पणजोबांनी ती मुंबईत घेतली, असं तुम्हीच लिहिलं आहे. अशा सुरीवर तो शब्द नसण्यातून काळाबद्दल काहीच हाती लागत नाही.

आता ‘व्ही आर’, म्हणजे ‘व्हिक्टोरिया रेजिना’, व्हिक्टोरिया राणी. रॉजर्सना राजघराण्याची नेमणूक मिळाली 1822 साली, चौथ्या जॉर्जकडून. त्यानंतर गादीवर जो असेल त्याची आद्याक्षरं ते पात्यावर मारत. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द 1837 ते 1901. तुमची सुरी 1837च्या आधीची नाही, हे या दोन अक्षरांवरून नक्की. पण ठसा मारला जातो शेफिल्डला, आणि सुरी विकली जाते जहाजाने मुंबईला आल्यावर, दुकानदाराच्या कपाटात वर्ष-दोन वर्षं पडून राहिल्यावर. माझ्या उत्तरातलं 1905 त्यासाठी होतं. ‘जी आर’च्या बाबतीत तर लोक फारच फसतात. ती अक्षरं चौथ्या जॉर्जची समजली तर सुरी 1830च्या आधीची, पाचव्या जॉर्जची समजली तर 1910च्या नंतरची. अक्षरं तीच, आणि मध्ये ऐंशी वर्षं!

म्हणून मी ठशाकडे असा बघतो: ‘याच्या आधीची नाही’ एवढं तो सांगतो. ‘याच्या नंतरची नाही’ हे सांगायला दुसरा साक्षीदार लागतो. अमेरिकेतल्या ग्लॅडस्टन, मिशिगन इथल्या मार्बल्स कंपनीची वूडक्राफ्ट सुरी घ्या. तिच्यावर पेटंटचं साल आहे 1916. ही सुरी ‘1916ची’ म्हणून सर्रास विकली जाते. ते साल पेटंटचं आहे, तोच ठसा नंतरही कित्येक वर्षं वापरात होता. जर्मनीतल्या झोलिंगेन शहरच्या सुऱ्यांचंही तसंच. 1949 ते 1990 या काळात काही कारखाने ‘वेस्ट जर्मनी’ लिहीत, काही नुसतं ‘जर्मनी’. म्हणून नुसतं ‘जर्मनी’ दिसलं की युद्धापूर्वीची, हे समीकरण टिकत नाही.

तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं अशा सुऱ्याही आहेत, आणि ते मान्य करायलाच हवं. अमेरिकेच्या बक कंपनीने 1986 पासून दर वर्षाला वेगळं चिन्ह दिलं आणि ते मॉडेलच्या आकड्याशेजारी मारलं. तिथल्याच वेस्टर्न कंपनीने 1977 साठी ‘ए’ हे अक्षर घेतलं आणि पुढे दरसाल एकेक अक्षर. झोलिंगेनच्या पूमा कंपनीने 1964 पासून क्रमांक मारायला सुरुवात केली, तक्त्याशी ताडून पाहिला की त्यावरून काळ कळतो. (पूमाच्या पात्यावर एक बारीक खळगा असतो. तो कडकपणा तपासल्याची खूण आहे. एका गृहस्थांनी तो खराबी समजून घासून काढला होता, म्हणून मुद्दाम सांगतो.) या तीन ठिकाणी ठसा खरोखर जन्मदाखला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शेफिल्डला तशी पद्धत नव्हती.

मग तुमच्या सुरीसाठी दुसरा साक्षीदार कोण? आधी म्यान बघा. मागच्या बाजूला किंवा तोंडाशी दुकानदाराचं नाव दाबून उठवलेलं असतं, चामडं काळं पडल्यामुळे ते एरवी दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च आडवा धरा, अक्षरं वर येतात. तिथे ‘आर्मी अँड नेव्ही’ निघालं, तर ते दुकान चालवणारी सोसायटी लंडनमध्ये 1871 साली सुरू झाली, त्याआधीचं म्यान असूच शकत नाही. मुंबईत काळा घोड्याला त्या नावाची इमारत आजही उभी आहे. म्यानाच्या पट्ट्याला दाबाचं बटण असेल, तर तेही 1880 च्या दशकाच्या अलीकडचं. म्यान बदललेलं असू शकतं, म्हणून सुरी त्यात घालून पाहा. मूळच्या म्यानात पात्याने वर्षानुवर्षं स्वतःची जागा केलेली असते.

मग पातं. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं ते 1913 साली. तुमच्या पात्यावर गंज धरतो ही तुमची तक्रार आहे, माझ्या दृष्टीने ती चांगली बातमी आहे. ‘व्ही आर’चा ठसा आणि न गंजणारं पातं असं एकत्र दिसलं असतं, तर मी ठशावरच संशय घेतला असता. तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने चुंबक लावून बघायला सांगितलं आहे. त्याचा उपयोग नाही, कारण सुऱ्यांचं स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटतं.

ठसा खरा की मागाहून मारलेला, हे भिंगाखाली कळतं. कारखान्यात ठसा पात्याला पाणी देण्याआधी (तापवून कडक करण्याआधी), पोलाद मऊ असताना मारत आणि पातं त्यानंतर घासलं जाई. त्यामुळे अक्षरांच्या कडा पृष्ठभागाशी सपाट असतात. तयार पात्यावर मागाहून मारलेल्या ठशाच्या कडेला धातू किंचित फुगतो, आणि अक्षरांच्या तळाशी काळपटपणा नसतो, नवी चकाकी असते. रॉजर्सच्या नावाची नक्कल एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे, तेव्हा ‘Rodgers’ या नावातलं ‘डी’ हे अक्षर जागेवर आहे ना, तेही बघा. तुमच्या फोटोत ते आहे, आणि ठसाही मला खराच वाटतो.

इथेच तुमचा दुसरा आक्षेप येतो. मी घासू नका म्हणतो ते याच अक्षरांसाठी. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडे औरंगाबादच्या बोदराजची सुरी होती. बोदराज हे एकोणिसाव्या शतकातलं नावाजलेलं नाव. डुकराच्या शिकारीचे भाले आणि शिकारी सुऱ्या करण्यात सेलमच्या अरुणाचलमइतकीच त्याची ख्याती होती, आणि गिऱ्हाईक इंग्रज अधिकारी असल्याने तो नाव रोमन लिपीत मारत असे. मला दाखवायला आणण्याआधी त्या घरच्यांनी मोठ्या हौसेने ती शिकलगाराकडे देऊन चाकावर चकचकीत करून घेतली. माझ्या हातात आली तेव्हा गावाच्या नावातली शेवटची चार अक्षरं उरली होती. आपल्या मातीतल्या कारागिराचं नाव तेवढ्यात पुसलं गेलं. मला ते आजही सहन होत नाही.

कोकणातला पावसाळा मला ठाऊक आहे, माझं आजोळ तिकडचं. गंज तसाच ठेवा असं माझं म्हणणं नाही. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. तांबूस, बोटाला लागणारा, पोलाद खाणारा तो गंज. तो काढायलाच हवा: त्यावर पातळ तेलाचा थेंब, दोन दिवस वाट, मग जुन्या मलमलीच्या फडक्याने हलक्या हाताने. घाई करू नका, पॉलिश पेपर लावू नका. राखाडी-काळपट, बोटाला न लागणारी जी झाक असते ती पात्याचं वय आहे आणि तीच त्याला पुढच्या गंजापासून थोडंफार वाचवते. तिला हात लावू नका. सांबरशिंगाच्या मुठीला पाणी नको, ती कोरड्या मऊ कापडाने पुसली की पुरे.

राहिलं मोल. पणजोबांची सुरी 1885ची ठरली काय आणि 1899ची ठरली काय, ती त्यांच्याच कमरेला होती. संग्राहक किंमत देतो ती न घासलेल्या पात्याला, मूळच्या म्यानाला आणि प्रामाणिक माहितीला. ‘1891 पूर्वीची, नक्की’ असं लिहून तुम्ही ती कुणाला दाखवलीत आणि जाणकाराने हिशेब मोडून काढला, तर खऱ्या ठशावरही त्याचा विश्वास उरणार नाही. ते होऊ नये म्हणून मी मोघम बोललो.

म्यानाच्या मागच्या बाजूचा आडव्या उजेडातला एक, आणि मुठीच्या खिळ्यांचा जवळून एक, असे दोन फोटो पाठवा. त्यावरून काळ आणखी आवळता आला तर इथेच लिहीन. आणि फोटो काढून झाले की सुरी परत म्यानात घालू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं पात्याला खातात. तेलाचा हात फिरवून ती कोरड्या कापडात गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं ठेवा. मृग आठ दिवसांवर आलं आहे.