जादूवाले – ५०१/-

पाकीट अजून टेबलावर पडलंय. आत पाचशेची नोट, बाहेर चिकटवलेला रुपया. रकमेबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पाकिटावरच्या अक्षरांबद्दल. निळ्या बॉलपेनने, घाईघाईत लिहिलंय : 'जादूवाले – ५०१/-'. त्याच ट्रेमध्ये, सामोशांच्या शेजारी, 'टॅटूवाली – ८००/-' असंही एक पाकीट होतं. ते मी वाचायला नको होतं, पण माझी नजर अजून चांगली आहे.

मी जादूवाला नाही. मी १९ वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. रविवारी एक खाकी पिशवी घेऊन कुठे बोलावतील तिथे पोरांना प्रयोग करून दाखवतो. पिशवीत मेणबत्त्या, फुगे, स्ट्रॉ, व्हिनेगर, खायचा सोडा आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे असतात. हे वेड अरविंद गुप्तांमुळे लागलं. आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस काड्यापेटीच्या काड्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये खुपसून त्रिकोण-चौकोन करतो, त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच तिरका होतो हे पोरांना हाताने कळू देतो, हे पाहिल्यावर मला स्वस्थ बसवेना. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. मला परवा टॅटूवाली आणि पॉपकॉर्नवाला यांच्या मधला स्लॉट मिळाला.

आमची खरी चलती फक्त २८ फेब्रुवारीला. १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रामन यांना प्रकाशाचा तो 'रामन परिणाम' सापडला म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन. बैलाला पोळा, तसा विज्ञानाच्या मास्तरला हा दिवस. शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी भरवतात, व्यासपीठावरून मिरवतात. १ मार्चला परत औत.

तर मार्चमधल्या एका रविवारी आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाचा आठवा वाढदिवस होता. 'सायन्स थीम.' केकवर साखरेचा सूक्ष्मदर्शक, आणि दारात अणूच्या आकाराचे फुगे, म्हणजे गोल. (फुगे एरवीही गोलच असतात, पण त्यांचे पैसे वेगळे घेतले होते म्हणे.) मुलाची आई म्हणाली, "सर, अर्धा तास, जरा इन्स्पायरिंग. आणि एखाद्या शास्त्रज्ञाची मोटिव्हेशनल गोष्ट. दोन मिनिटांची, रीलमध्ये बसेल अशी."

क्लब हाउसमध्ये सतरंजीवर तीसेक पोरं बसली होती आणि पहिल्या रांगेत एकच प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यात अण्णा.

अण्णा म्हणजे मुलाच्या आजोबांचे थोरले भाऊ. लासलगावकडे पन्नास वर्षं किराणा दुकान. पांढरा नेहरू शर्ट, गांधी टोपी, खिशात चष्म्याचं घर आणि दोऱ्याने बांधलेली छोटी वही. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून खुर्ची. मी पिशवी उघडली तेव्हा त्यांनी चष्मा घातला आणि खुर्ची एक वीत पुढे ओढली. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

पहिला प्रयोग नेहमीचा. ग्लास काठोकाठ पाण्याने भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, उलटा करायचा, हात काढायचा. पाणी पडत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. या पोरांनी फुगा फुटला तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या आणि एसी सुरू झाला तेव्हाही.

"फेविकॉल," अण्णा म्हणाले.

"काय?"

"पुठ्ठ्याला फेविकॉल लावलाय. आमच्याकडं जत्रेत यायचा एक जण. पैशाला फेविकॉल लावायचा."

मी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटाने चोळला, उजेडात धरला, वास घेतला, आणि परत न देता खिशात टाकला. मग वाढदिवसाची निमंत्रणपत्रिका काढली. "हिच्यावर करा." केलं. पाणी राहिलं. "मी करतो." केलं. पाणी राहिलं. "आता निम्माच भरतो." अर्ध्या ग्लासलाही राहिलं. मी एव्हाना घामेजलो होतो, कारण 'ग्लासात हवा नाही, म्हणून बाहेरची हवा जिंकते' असं मी पाचच मिनिटांपूर्वी ठणकावून सांगितलं होतं आणि आता अर्ध्या ग्लासात हवाच हवा होती. (पत्रिका जराशी खाली झुकते, आतली हवा जराशी सैलावते, तेवढ्याने तिचा दाब कमी पडतो. हे मला आता सांगता येतंय. तेव्हा फक्त खोकता आलं.)

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, "अण्णा, हवेचा दाब फार मोठा असतो. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो."

किलो हा शब्द काढायला नको होता.

अण्णांनी डावा तळहात पुढे केला, उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर काहीतरी मोजलं, वहीत पेन्सिलीने आकडा टाकला. "आसं शंभर सेंटिमीटर धरा. म्हणजे माझ्या तळहातावर क्विंटलभर हवा?"

"हो."

"क्विंटल?"

"हो."

"अन् हमाली कोण देतं?"

पोरं हसली. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत, त्यांना खरंच हमालीचा हिशेब हवा होता. मी म्हणालो, "तेवढीच हवा खालून वर ढकलते, म्हणून वजन जाणवत नाही." त्यांनी तळहात उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. "जमा-खर्च सारखा," असं पुटपुटून वही बंद केली. मला वाटलं, सुटलो.

मग मी मेणबत्ती काढली. मेणबत्ती हा माझा हुकमी एक्का. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे नाताळात पोरांसाठी व्याख्यानं द्यायचा. १८६०च्या नाताळात तर त्याने एका मेणबत्तीवर अख्खी सहा व्याख्यानं दिली. लोहाराचा पोरगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. त्याला कुणी टॅटूवाली आणि पॉपकॉर्नवाल्याच्या मध्ये उभं केलं नव्हतं.

बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. ज्योत बारीक होते, विझते, आणि बशीतलं पाणी सर्रकन ग्लासात चढतं. दिसायला फार देखणं. मी नेहमीचं वाक्य टाकलं : "मेणबत्तीने आतला ऑक्सिजन वापरून संपवला. त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश, बघा, पाणीही साधारण तेवढंच चढलंय!"

टाळ्या.

"परत करा," अण्णा म्हणाले.

परत केलं. या वेळी ते खुर्ची सोडून, गुडघ्यांची तक्रार गुंडाळून, टेबलाला नाक लावून उभे होते. त्यांच्या टोपीमुळे मागच्या पोरांना काही दिसेना आणि रीलवाली मोबाइल घेऊन "अण्णाकाका, फ्रेममधून बाजूला, प्लीज" म्हणत नाचत होती.

"मास्तर, मेणबत्ती जळत होती तवा पाणी जागचं हाललं नाही. विझली, अन् मग चढलं."

"हो, म्हणजे..."

"माझ्या दुकानात साखरेचं पोतं विकता विकता रिकामं होतं. दिवसभर साखर विकली अन् पोतं भरलेलंच, मग शटर ओढल्यावर एकदम रिकामं, आसं होत नाही."

क्लब हाउसमध्ये शांतता पसरली. निदान मला तरी ती तशी वाटली. खरं म्हणजे पोरं एव्हाना पॉपकॉर्नच्या रांगेकडे सरकली होती. आणि मी, १९ वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस, जन्मात उच्चारू नये असं वाक्य बोललो :

"अण्णा, ते जरा ॲडव्हान्स्ड आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक बघतं, तसं.

माझं सांगणं चुकीचंच होतं. ऑक्सिजन काही पूर्ण संपत नाही. बराचसा शिल्लक असतानाच ज्योत दम तोडते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतेच की. पाणी चढतं ते मुख्यतः आतली तापून फुगलेली हवा ज्योत विझल्यावर निवते आणि आकसते म्हणून. अण्णांचा प्रश्न डोक्यात असता तर मला हे कधीच कळलं असतं. पण १९ वर्षांत, वर्गामागून वर्ग, एकाही पोराने तो विचारला नाही, आणि यात पोरांना मी दोष देणार नाही. आमच्याकडे प्रयोगवहीत 'कृती, निरीक्षण, अनुमान' असतं, आणि अनुमान आम्हीच आधी फळ्यावर लिहून देतो. मग निरीक्षण त्याला जुळवून घ्यायचं. बऱ्याचदा प्रयोगही होत नाही, कारण प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे ते निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. विज्ञान प्रदर्शनात स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले तयार ज्वालामुखी ओळीने धुमसत असतात आणि परीक्षक विचारतात, "छान! रंग कोणता वापरला?" वर पुन्हा भाषणात, मुलांमध्ये जिज्ञासा राहिली नाही. जिज्ञासा असलेलं एक पोर वर्गात असलं तर तास संपत नाही, पोर्शन संपत नाही. मीच अशा एकाला 'नंतर भेट' म्हणून बसवलं होतं. नंतर तो भेटला नाही.

असो. गोष्ट राहिली होती. रीलवाली म्हणाली, "सर, एडिसन? ते हजार वेळा फेल झाले ते?" मी हट्टाने शंकर आबाजी भिसे सांगितले. मुंबईत १८६७ साली जन्मलेला आपला माणूस. इंग्लंड-अमेरिकेत जाऊन छपाईचे खिळे पाडणारं यंत्र बनवलं, 'भिसोटाइप'. भांडवल मिळावं म्हणून दादाभाई नौरोजींनी खटपट केली. लोक त्यांना 'भारतीय एडिसन' म्हणायचे. १९३५ साली न्यू यॉर्कमध्ये गेले, आणि आज आपल्याकडे दहात नऊ जणांना नावही ठाऊक नाही. तिथे जमलेल्यांत तर दहाच्या दहा. ओघात मी हेही सांगितलं की त्यांनी सुरुवातीला लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली होती, किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी.

अण्णा निघाले होते. ते दारातून परत आले.

"काय तोलायचं?"

"साखर, पीठ, असलं सुटं सामान."

"आपोआप?"

"आपोआप."

"अन् गूळ?"

"गुळाचं... माहीत नाही."

"गूळ चिकटतो, मास्तर. साखर पावसाळ्यात गठ्ठा धरते. पीठ कोपऱ्यात अडकतं, डबा ठोकल्याशिवाय खाली येत नाही. रवा चालंल. शेंगदाणा चालंल, पण त्यात एखादा खडा आला की मशीन दात खाऊन बसंल." ते बोलता बोलता खुर्चीत बसले, वही सोडली आणि नरसाळ्याचं चित्र काढू लागले. "खाली झडप पाहिजे. वजन झालं की झडप आपल्या वजनानंच पडली पाहिजे. पण मग हवेत तरंगणारा माल राहतो ना! झडप पडेपर्यंत मधल्या मधे असतो तेवढा. तो गिऱ्हाइकाला फुकट जाणार. त्याचं काय केलं भिश्यांनी?"

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. समोर केक कापला जात होता, 'हॅपी बर्थडे' चाललं होतं, आणि हा ऐंशीच्या घरातला गृहस्थ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत भाग घेत होता. रीलमध्ये हे काहीच नाही. रीलमध्ये मी ग्लास उलटा करतोय, वर चमचमणाऱ्या चांदण्या टाकल्यात आणि खाली लिहिलंय 'मॅजिक अंकल'.

पाकीट मला वाढदिवसाच्या मुलानेच आणून दिलं. "काका, तुमच्याकडे ससा नाही का?" मी म्हणालो, नाही. "मग पुढच्या वर्षी आणा." पोरगं गोड आहे. त्याला मी काही बोललो नाही. सामोसा मात्र दोन खाल्ले.

काल रात्री अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर आवाज आला. मागे स्कूटरचे हॉर्न, कुणीतरी पोहे मागतंय, आणि अण्णा ओरडून सांगतायत : "मास्तर, दुकानात करून पाहिलं. एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन. ग्लास तोच, बशी तीच. तीन लावल्या की पाणी जास्त चढतं. आता ग्लास तेवढाच, तर हवा तेवढीच, तर तुमचा ऑक्सिजन पण तेवढाच. मग जास्तीचं पाणी कोणाच्या खात्यावर? तीन मेणबत्त्यांचे पैसे तुमच्या नावावर मांडलेत. या इकडं आलात की."

मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. तेवढ्यात खाली दुसरा मेसेज आला, या वेळी फोटो. वहीचं पान, नरसाळं, झडप, बाण, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने : 'गुळाला तेल लावून बघणे.'