जड आहे म्हणून पडत नाही? मांजराच्या झाडाबद्दल फिरणाऱ्या एका निरोपाला उत्तर

मांजराचं झाड, म्हणजे कॅट ट्री: मांजराला चढायला, बसायला आणि नखं ओढायला केलेला खांब-फळ्यांचा उभा सांगाडा. त्याबद्दल गेले दोन महिने एक निरोप बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मांजरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक चंदगडच्या मेव्हणीकडून, म्हणजे सीमा ओलांडून. मजकूर असा:

«घरातल्या मांजरासाठी कॅट ट्री घेताय? एवढंच बघा. एक, जड असेल तर पडत नाही, वजन बघून घ्या. दोन, जितकं उंच तितकं मांजर खूश. तीन, भिंतीला ठोकायची गरज नाही, मांजर पडलं तरी चार पायांवरच उतरतं. चार, मऊ फर असलेलंच घ्या. पाच, सुताराच्या नादी लागू नका, कंपनीचं तयार झाड तपासलेलं असतं.»

खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

पाचातला एकही मुद्दा धड खोटा नाही, आणि म्हणूनच मला लिहावं लागतंय. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य काढलं. लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा, साच्यात लोखंडाचा रस. लाकूड आणि वजन या दोन गोष्टी हाताखालून गेल्या. तरीही गेल्या वर्षी आमची मांजर कुंदा आणि बोका मांडा या दोघांसाठी झाड मागवताना मी निरोपातल्या पहिल्या मुद्द्याप्रमाणेच वागलो. पेटीवर 12 किलो लिहिलेलं दिसलं, बरं वाटलं, घेतलं. उंची 150 सेंटीमीटर, पाया 40 बाय 40. जुलैत एका संध्याकाळी मांडाने कपाटावरून त्याच्या शेंड्यावर उडी घेतली आणि झाड मांडासकट खाली आलं.

तेव्हा पहिल्या मुद्द्यापासूनच सुरू करू.

झाड कलंडतं ते पायाच्या कडेवरून. म्हणून नुसते किलो विचारून भागत नाही. ते किलो कडेपासून किती आत आहेत आणि ढकलणारा किती उंचावर आहे, हेही विचारावं लागतं. माझ्या झाडाचा हिशेब करा. पाया 40, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 20. 12 गुणिले 20 म्हणजे 240. भागिले उंची 150, उत्तर 1.6. म्हणजे शेंड्याला आडवं फक्त 1.6 किलोच्या जोराने ओढलं तरी पलीकडची कड जमिनीवरून उचलायला लागते. घरी खरं-खोटं करायचं असेल तर भंगारवाल्याकडे असतो तसला ताणकाटा शेंड्याला बांधून आडवा ओढा. मी ओढला. काटा दीडच्या जरा पुढे गेला आणि पाया उठला. पाच किलोचा बोका उडी मारून येतो तेव्हा त्याला दीड किलोची काय मातब्बरी!

आता तेच 12 किलोचं झाड 60 बाय 60 च्या पायावर उभं केलं तर 2.4 किलो लागतात. बारा किलोचे चोवीस केले नाहीत, नुसता पाया दीडपट केला.

दुसरी गोष्ट, वजन कुठं आहे. वर दोन जाड घरकुलं, वर फळ्या, खाली भुशाच्या बोर्डाचं पातळ तळ असेल तर वजनाचा मध्य अर्ध्या उंचीवर जातो. मध्य 75 सेंटीमीटरवर आणि कड 20 वर, तर झाड 15 अंश कललं की परत येत नाही. तोच मध्य 30 वर आणला की ते साधारण 34 अंशांपर्यंत तग धरतं आणि मागे येतं. पेटीवरचा 12 हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

उपाय बेळगावात तरी अवघड नाही. फरशीवाल्याकडून 60 बाय 60 ची, 25 मिलिमीटर जाडीची शहाबादी आणा. तिचं वजन साधारण 23 किलो भरतं. 12 अधिक 23, गुणिले 30, भागिले 150. आता शेंड्याला 7 किलो लागतात. पण नुसती फरशी झाडाखाली सरकवली तर उपयोग शून्य: झाड पडतं, फरशी जागेवर राहते. फरशीवाल्याकडूनच चार भोकं पाडून घ्यायची आणि बोल्टने तळाला जोडायची. मी आधी नुसतीच सरकवली होती. पॅटर्न शॉपमधला माणूस, आणि ही अक्कल!

एक मात्र हिशेबात बसत नाही. झाड पडायची गरजच नसते, नुसतं डुललं तरी पुरे. नखं ओढताना मांजर पूर्ण ताणून अंगाचा भार टाकतं. नखांवरचं जुनं टरफल निघावं, पाठ मोकळी व्हावी आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथं राहावा, म्हणून. खांब हलला की ते दोनदा बघतं आणि सोफ्याकडे जातं. मग लोक म्हणतात, ‘आमच्या मांजराला झाड आवडलंच नाही.’ खांब सलग 80–90 सेंटीमीटर तरी हवा, मध्ये फळी आडवी न येता. बाजारातल्या बऱ्याच झाडांत तेवढा सलग खांबच नसतो.

उंचीबद्दल फार भांडत नाही. मांजरांना उंची आवडते, बरोबर. पण ‘जितकं उंच तितकं’ म्हणताना वर जायचे टप्पे कुणी मोजत नाही. आमच्या कुंदाला दहावं वर्ष लागलंय. खिडकीच्या कट्ट्यावर ती आता एका झेपेत जात नाही, आधी खुर्ची, मग कट्टा. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यात 90 मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही म्हणून दुखत नाही असं नाही, ती चढणं सोडून देते एवढंच. फळ्यांमध्ये 30–35 सेंटीमीटरचं अंतर असेल तर म्हातारं मांजरही वर जातं, पिल्लूही. दोन मांजरं असतील तर वरच्या उंचीवर दोन जागा हव्यात. एकच शेंडा ठेवला तर रोज सकाळी निवडणूक.

आणि उंच झाड उघड्या खिडकीला लावू नका. आधी जाळी, मग झाड.

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यामुळे मला खरा राग आला. मांजर चार पायांवर उतरतं हे खरं आहे. 1894 साली एटियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची ओळीने छायाचित्रं काढून दाखवलं की कशाचाही आधार नसताना ते हवेत अंग वळवतं. पुढचा भाग आधी फिरतो, मागचा नंतर. पिल्लांना ही कला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागते, सहाव्या-सातव्यापर्यंत पक्की होते. पण पायांवर उतरणं म्हणजे इजा न होणं नव्हे. 1987 साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचारांनंतर नव्वद टक्के जगली, ही बातमी जगभर गेली. त्यांच्या छातीला मार होता, जबडे आणि टाळू फाटले होते, पाय मोडले होते, ते मागे राहिलं. शिवाय जी मांजरं जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार?

त्यात ही मांजरं एकटी पडली होती. झाड कलंडतं तेव्हा मांजर एकटं पडत नाही. पायाखालची फळी सरकते, ढकलून उडी घ्यायला आधार नसतो, आणि वरून सामान येतं. मांडा चार पायांवरच उतरला. मी समोर होतो, अगदी व्यवस्थित उतरला. मग घरकुलाची कड त्याच्या मागच्या पंजावर आली. हाड वाचलं, तीन आठवडे लंगडला, आणि दिवाळीपर्यंत झाडाकडे फिरकला नाही.

तर भिंतीला ठोका. शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात एक एल पट्टी पुरते. भाड्याचं घर असेल तर निघताना दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवता येतात. आमच्या शहापुरात अडचण वेगळी आहे. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, वर गिलावा. तिथं प्लास्टिकची गुल्ली ठोकली तर मूठभर मातीसकट हातात येते. अशा घरात भिंतीचा नाद सोडून लाकडी खांब किंवा तुळई शोधा आणि जाड पट्ट्याने झाड तिला बांधा. तेही नसेल तर खोलीचा कोपरा गाठा. दोन बाजू भिंतींनी अडवल्या की पडायला दोनच उरतात, आणि कपाटासारखी उडीची जागा त्या दोन दिशांना ढकलणारी नसावी एवढं बघा.

फर? जून ते सप्टेंबर आमच्याकडे धुतलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. चिकटवलेली फर धुता येत नाही, ओल धरते. घरात एखाद्या मांजराला गजकर्णासारखी बुरशी झाली की तिचे कण त्या फरमध्येच बसतात, आणि ती माणसांनाही होते. फळीवर जुन्या वाकळीचा तुकडा घाला, कन्नडात कौदी म्हणतात तीच. काढायची, गरम पाण्यात टाकायची, उन्हात घालायची. झाडाला इलास्टिकने लोंबणारा गोंडा असेल तर तो पहिल्याच दिवशी कापून टाका. दोरा गिळला तर आतड्यात अडकून आतडं गोळा होतं, बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं.

राहिला सुतार. कंपनीचं झाड तपासलेलं असतं, म्हणे. कोण तपासतं, कशावर, ते माझ्या पेटीवर तरी नव्हतं. खांब पुठ्ठ्याच्या नळीचा, तळ भुशाच्या बोर्डाचा. एका पावसाळ्यात स्क्रूभोवतीचा भुसा फुगला आणि स्क्रू नुसते फिरायला लागले. कंपनीची झाडं सगळी वाईट असं म्हणत नाही. तळ प्लायचा, खांबातून आरपार बोल्ट आणि पाया रुंद असेल तर जरूर घ्या.

मी मात्र दुसऱ्यांदा वडगावच्या आमच्या ओळखीच्या बडिगेराकडे, म्हणजे सुताराकडे, गेलो. नकाशा बघून तो म्हणाला, “बेक्किगे गिडा?” मांजराला झाड? आणि पोट धरून हसला. पण काम चोख केलं. तळ आणि फळ्या 19 मिलिमीटर प्लायच्या, आयएस 710 शिक्क्याच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या. साध्या खोलीत आयएस 303 चा ओल सोसणारा प्लायही चालला असता, पण आमची खिडकी पश्चिमेची, पावसाचा मारा तिकडूनच.

सुताराकडून काय काय बिघडू शकतं हेही सांगतो, नाहीतर मीही एक निरोपच पाठवल्यासारखं होईल. दोर गुंडाळताना तो सवयीने चुका ठोकतो. दोर झिजला की त्या वर येतात आणि पंजात जातात, म्हणून टोकं भोकातून आत घालून गोंदाने बसवायला सांगा. दोर घायपाताचा, म्हणजे सिसलचा घ्या. सुंभ स्वस्त पडतो, पण काथ्याचे तुकडे घरभर होतात. रॉकेलसारखा वास येणारा दोर तेल लावलेला असतो, तो नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेस्त्री आपलेपणाने म्हणतो, “वाळवीचं औषध मारून देतो की ओ, फुकट.” नको म्हणा. अशा काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्यांना ते चालतं, पण मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. झटके येतात, मांजर मरू शकतं.

बोल्ट सगळ्याच झाडांचे सैल होतात, कंपनीचे आणि बडिगेराचेही. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर बदलला की पाना घेऊन झाडाभोवती एक फेरी मारायची असं ठरलंय. गेल्या खेपेला मधला बोल्ट अर्धा फेरा फिरला.