खुलासा: काळी बुरशी म्हणजे घर पाडायलाच हवं, असं नाही

‘भिंतीवर काळी बुरशी आली की घर संपलं, दुरुस्तीवर पैसे घालू नका’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. बुरशी वीट-सिमेंट खात नाही. ती रंग, धूळ, प्लायवूड, लाकूड यांवर जगते आणि तिला ओल लागते. बुरशीच्या रंगावरून घराची अवस्था कळत नाही.

ओल कुठली ते आधी शोधा. २ फूट लांब-रुंद प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि २४ तासांनी काढा. थेंब आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, गच्ची, बाहेरचा तडा. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवा कोंडतेय. (भिंतीवरची पांढरी पूड पाण्यात विरघळली तर ती बुरशी नव्हे, लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार.)

खरा निर्णय सळया आणि लाकडावर ठरतो. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसत असतील किंवा तुळईत स्क्रू ड्रायव्हर सहज रुतत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय रंगावर रुपयाही घालू नका. नुसतं प्लास्टर पोकळ वाजत असेल तर गळती थांबवून तेवढंच विटेपर्यंत काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग नवं करा. खरवडताना मास्क लावा. दम्याच्या माणसाला त्या खोलीपासून लांब ठेवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. घाबरून कुणी राहतं घर कवडीमोलाने विकू नये.