लॉजवर या म्हणे!

सकाळी सुशीला (आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता) खात बसलो होतो, तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर, तरणा गोड आवाज. "सर, तुमचे वडील फ्रीमेसन होते ना? आमच्या लॉजला नवे मेंबर घेणं चालू आहे. तुमच्यासारखे रिटायर्ड, चांगल्या घरचे लोक पाहिजेत. नेटवर्किंग लई जबरदस्त आहे सर. डॉक्टर, बिल्डर, ऑफिसर, सगळे एका जागी भेटतात. फीचं बघून घेऊ आपण." तिसऱ्या मिनिटाला कळलं की गड्याचा धंदा प्लॉटिंगचा आहे. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ एनए झालेले प्लॉट. लॉजही देतो, प्लॉटही देतो.

फोन ठेवला तेव्हा सुशीला गार झाली होती आणि माझं डोकं तापलं होतं. म्हणून लिहितोय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक करून पुढं जावं, राग नाही.

फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या पुरुषांची एक जुनी, अर्धी गुप्त संघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. पण लॉज म्हणलं की तुमच्या डोळ्यांसमोर बसस्टँडसमोरचं लॉज येतं, हे मला माहीत आहे. माझ्या आईलाही तेच यायचं. अण्णा पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, आम्ही पैठणला जायकवाडीच्या वसाहतीत. महिन्यातून एकदा अण्णा काळा कोट घालून, चपटी काळी बॅग घेऊन एसटीनं शहरात जायचे. एप्रिलच्या उन्हात काळा कोट! शेजारच्या काकू विचारायच्या, "साहेब कुठं निघाले हो नटून?" आता आई काय सांगणार? नवरा दर महिन्याला लॉजवर जातो म्हणून? "हापिसाची मीटिंग हाय," म्हणायची आणि आत यायची. बॅगेत कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन. आमची आजी माळकरी. तिला हे कळलं त्या दिवसापासून बॅगेला देवघराच्या खोलीत बंदी. ती शेवटपर्यंत पुढच्या खोलीत, छत्रीशेजारी, खुंटीला. वसाहतीतली पोरं सांगायची की तिथं कवटी असते, रात्री भूत उठवतात. पोरांचं तरी काय चुकलं म्हणा. साहेबाच्या काळापासून आपल्याकडं लोक या इमारतींना जादूघर आणि भूतबंगलाच म्हणत आलेत.

(मेसनच गुपचूप जग चालवतात म्हणणाऱ्या इल्युमिनाटीवाल्यांनी कमेंटमध्ये येऊ नये. मागच्या वेळी एकानं नोटेवरचं चिन्ह पाठवलं होतं. ब्लॉक केलंय.)

तर राग कशाचा. त्यांचा जुना दंडक असा की मेसन कुणाच्या दारी जाऊन 'या' म्हणत नाही. ज्याला व्हायचंय त्यानं स्वतः विचारायचं. इंग्रजीत त्यांचं वाक्यच आहे, 'टू बी वन, आस्क वन'. मग एक प्रस्तावक, एक अनुमोदक. मग दोघं-तिघं घरी येऊन बघणार, माणूस कसा आहे, कशासाठी यायचंय, घरच्यांची हरकत तर नाही. आमच्याकडं आले होते तेव्हा आईनं एकच विचारलं म्हणे, "तिथं पीत तर नाहीत ना?" मग लॉजमध्ये गुप्त मतदान, पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एवढं झाल्यावर मेसन होण्याच्या तीन पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीचा विधी. त्यात उमेदवाराला सगळ्यांसमोर सांगावं लागतं की मी माझ्या मनानं आलोय, मित्रांच्या गळेपडूपणामुळं नाही आणि पैशाच्या लोभानं तर मुळीच नाही. आत जाताना खिशातले पैसे, अंगठी, घड्याळ, सगळं काढून बाहेर ठेवायला लावतात. उघड्या हातानं जायचं. हे काही गुपित राहिलेलं नाही, पुस्तकांत छापलेलं आहे.

आणि हा पोरगा मला फोनवर सांगतो, नेटवर्किंग जबरदस्त! अरे, तू स्वतः काय बोलून आत गेलास रे? का त्या दिवशी लक्ष सातबाऱ्यावर होतं?

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्यांची माणसं कमी झालीत, करतील काय? खरंय. अमेरिकेत १९५९ मध्ये ४१ लाख मेसन होते, आज दहा लाखांच्याही खाली आलेत. म्हातारे गेले, त्यांची पोरं आलीच नाहीत. तिकडं काही राज्यांत तीन पायऱ्या एका दिवसात उरकून देतात. पहिली, दुसरी, तिसरी, मध्ये जेवणाची सुट्टी, संध्याकाळी मास्टर मेसन होऊन घरी. सामुदायिक विवाह मेळावाच म्हणा ना. आपल्याकडं आकडा मुळातच छोटा. सगळ्या भारतात वीसेक हजारांच्या वर, एवढाच. म्हणजे आमच्या तालुक्याच्या एखाद्या मोठ्या सप्त्याच्या शेवटच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात. दानधर्म करतात, दवाखाने-शाळांना पैसे देतात, फ्लेक्स लावत नाहीत, हे मान्य. तेवढं मान्य केलं, पुढं जाऊ.

अण्णा नेहमी सांगायचे, ही चीज दारावर थांबवते म्हणून टिकली. १७१७ साली लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आले आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरची वरची संस्था, झालं. (आईचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.) आपल्या देशाचं स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ ला. आपण निजामाच्या मुलखातले, तर हैदराबादला गोषामहलची बारादरी निजामानं यांना दिली, तिथं अजून यांचं बस्तान आहे. कलकत्त्यात १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाला घेतलं, तो पुढं स्वामी विवेकानंद झाला. अण्णांना हे सांगताना एवढा अभिमान वाटायचा, जणू यांनीच अनुमोदन दिलं होतं. वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथसाहिब, अवेस्ता एकत्र. आत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. "अरे, सगळ्या गावात ही एकच खोली अशी आहे," अण्णा म्हणायचे, "जिथं कलेक्टर आणि कारकून एका ओळीत बसतात आणि कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही."

कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही.

लिहिता लिहिता इथं अडलोय. दुपार झाली. मघाशी लिहिणार होतो की जुनं ते कडक होतं, चांगलं होतं, आताच्या पोरांनी बाजार मांडला. अर्धी पोस्ट तशी झालीसुद्धा. पण ती चिठ्ठी आठवली.

१९७९. नाथषष्ठी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. मी नववीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात होऊन वर्ष झालं नव्हतं आणि मराठवाड्यात जे काय झालं ते इथल्या माझ्या मित्रांना मी नव्यानं सांगायची गरज नाही. वसाहतीतल्या शाळेचे एक मास्तर होते. बाबासाहेबांना मानणारे, बौद्ध. अण्णांची आणि त्यांची बुद्धिबळावरून दोस्ती. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर डाव. एका संध्याकाळी मास्तरांनी हत्ती हातात धरूनच विचारलं, "साहेब, तुमच्या तिथं जात विचारत नाहीत म्हणता. खरंय का?" अण्णा म्हणाले, "नाही विचारत." मास्तर म्हणाले, "मग मी येऊ का?"

बघा, त्यांनी स्वतः विचारलं होतं. नियमाप्रमाणं.

अण्णा प्रस्तावक झाले. चौकशीला तिघं आले, मास्तरांच्या दोन खोल्यांत चहा प्याले. ईश्वर मानता का, हा प्रश्न आला, कारण ती त्यांची पहिली अट आहे. मास्तर म्हणाले, या सृष्टीला एक नियम आहे, तो मी मानतो. तिघांतले वयस्कर गृहस्थ म्हणाले, बास, एवढं पुरे. नाव पुढं गेलं. महिन्यानं मतदान. एका पेटीत हात घालायचा, पांढरी सोडायची का काळी ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. कुठं एका काळ्या गोळीवर नाव पडतं, कुठं दोन, कुठं तीन. त्या रात्री किती पडल्या ते अण्णांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. शेवटच्या एसटीनं आले, बॅग खुंटीला अडकवली, जेवले नाहीत.

आणि सकाळी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिली. "मास्तरांना देऊन ये."

स्वतः गेले नाहीत. साठ पावलांवर घर होतं. मला पाठवलं.

मास्तर दात घासत होते. चूळ भरली, हात पुसले, चिठ्ठी वाचली, त्याच घड्यांवर परत मिटली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला म्हणाले, "बीजगणिताचा पेपर कसा गेला?" मी म्हणालो, "बरा गेला." "बरा म्हणजे किती?" मी म्हणालो, "साठ." "साठ म्हणजे बरा नाही," मास्तर म्हणाले. एवढंच. चिठ्ठीत काय होतं हे मला त्यानंतर दोन वर्षांनी आईकडून कळलं.

म्हणजे बघा, ज्या खोलीत कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही, तिथं न विचारता सगळ्यांना माहीत होतं. किंवा नसेलही तसं. एखाद्याला तो ईश्वराचा जबाब पटला नसेल. एखाद्याला अण्णांवरचा राग काढायचा असेल, अण्णा बिलं अडवायचे. असेल, काहीही असेल. पण तीच तर माझी तक्रार आहे! कारण सांगायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, मूठ पेटीत घालायची आणि बाहेर येऊन पुन्हा एकमेकांना बंधू म्हणायचं. नाथांच्या पैठणात राहून सांगतो, गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून महाराचं लेकरू उचलून कडेवर घेतलं ते भर दुपारी, सगळ्या गावादेखत. नाथांना पेटी लागली नव्हती.

आणि हे त्यांनी पहिल्यांदा केलं असंही नाही. माणकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ. मुंबईच्या साहेब लोकांच्या लॉजनं घेतलं नाही, तर पॅरिसला जाऊन मेसन झाले. मग १८४३ ला मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' निघालं, तेव्हा कुठं आपल्या लोकांना दार उघडलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त हिंदू म्हणून जवळजवळ नऊ वर्षं झगडले, १८७२ मध्ये आत गेले. ही नावं अण्णांनीच मला सांगितली होती, 'बघ, शेवटी घेतलंच की नाही' अशा थाटात. साहेबानं आपल्याला बाहेर उभं केलं तर त्याचा इतिहास होतो. आपण मास्तरांना उभं केलं त्याची चिठ्ठी होते.

अण्णांवर मी एवढा कधी बोललो नव्हतो. आता बोललोच आहे तर पुढचंही सांगतो. पुढच्या महिन्यात अण्णा बॅग घेऊन पुन्हा गेले. मला वाटलं होतं जाणार नाहीत. काळा कोट, शेवटची एसटी, सगळं तसंच. १९८१ ला बदली होईपर्यंत जात राहिले. ओट्यावरचा डावही चालू राहिला, पण मास्तर आता आमच्याकडं यायचे नाहीत, अण्णाच पट घेऊन त्यांच्याकडं जायचे. त्या साठ पावलांना महिना लागला होता अण्णांना. मी हे त्यांच्या बाजूनं सांगतोय का विरुद्ध, मलाच कळेना.

अण्णा वाईट नव्हते. नोकरी होती, वरिष्ठ तिथंच बसायचे, घरात आजी, आम्ही तिघं भावंडं. मी तरी काय केलं असतं? बँकेत छत्तीस वर्षं काढली, किती ठिकाणी गप्प बसलो ते मला माहीत आहे.

मुलगी वाचतेय मागं उभी राहून. म्हणाली, "बाबा, आणि बायकांना तर अर्जच नाही ना?" नाही. या लॉजमध्ये नाही. ॲनी बेझंटबाईंनी बाया-पुरुष दोघांची वेगळी शाखा भारतात आणली, ती यांच्या हिशोबात धरत नाहीत. "मग अर्ध्या लोकांना काळी गोळी टाकायचीसुद्धा तसदी नाही," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तर आता माझं म्हणणं काय. निवड करू नका असं मी म्हणत नाही. भजनी मंडळातसुद्धा बेसूर माणसाला मागं बसवतात. पण बुवा तोंडावर सांगतो, "दादा, तुम्ही टाळ घ्या." सगळ्यांसमोर सांगतो आणि उद्या सामोराही येतो. यांना एवढं जमलं असतं तर आज फोनवर माणसं गोळा करायची वेळ आली नसती. आधी मास्तरांसारखी माणसं परत पाठवायची आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी प्लॉटवाल्यांना फीमध्ये सूट द्यायची. दोन्ही वेळा माणूस कोण आहे हे बघितलंच नाही.

एक राहिलंच. सकाळी फोन ठेवण्याआधी मी त्या पोराला विचारलं होतं, "काय रे, तुमच्याकडं काळी गोळी अजून आहे का?"

"आहे ना सर, पेटी जुनीच आहे," म्हणाला. "पण आता कुणी टाकत नाही."

मी म्हणालो, "का?"

"माणसंच कुठं आहेत सर टाकायला?"