आजोबांचं पाप आणि नातवाचा कागद

ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हापुन्हा येतो. घरात दारू, कर्ज किंवा वांझपण असेल तर तो पूर्वजांच्या पापांचा शाप. बायबलातलं निर्गम 20:5 वाचा. चार पिढ्यांची वंशावळ कागदावर उतरवा, एकेकाच्या पापाबद्दल पश्चात्तापाची प्रार्थना करा, साखळी तुटेल.

आधी वचन. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन, हे तिथे आहे; पण 'जे माझा द्वेष करतात' हे शब्द संदेशातून गळलेत. लगेच पुढच्या वचनात देव प्रीती करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करतो, तेही गायब.

बाबेलच्या बंदिवासातले यहूदी असंच म्हणत: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली, दात मुलांचे आंबले. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव ही म्हणच बंद करायला सांगतो. तिथलं उदाहरण असं: बाप नीतिमान, मुलगा दरोडेखोर, नातू बापाची करणी बघून तिच्या वाटेला न जाणारा. नातू जगतो, आणि बापाच्या नावानं कुठलाही विधी न करता.

आता संदेशातला एकच मुद्दा खरोखर वजनदार. नहेम्या 9 मध्ये बंदिवासातून परतलेले लोक वाडवडिलांचे अन्यायही कबूल करतात. बरोबर, करतात. पण आधी स्वतःची पापं, आणि प्रार्थनेवर ते थांबत नाहीत. दहाव्या अध्यायात लेखी करार होतो, मोहोर लागते: शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, खरेदी बंद, सातव्या वर्षी कर्जाची वसुली सोडायची. आजोबांनी भावाच्या वाट्याची जमीन दाबली असेल, तर त्या कबुलीचा अर्थ सातबाऱ्याशी येऊन भिडतो. कागदावर आजोबांचं नाव लिहिणं त्या मानानं फारच स्वस्त. ते बिचारे उलट बोलायलाही नाहीत.

मग घराण्यातून काहीच उतरत नाही का? उतरतं. मनश्शे राजाच्या पापांनी पेटलेला देवाचा क्रोध त्याचा नातू योशीया याच्या एवढ्या सुधारणांनंतरही शमला नाही, असं 2 राजे 23:26 स्पष्ट सांगतं. रोजच्या दारूत वाढलेलं पोर मार खायला शिकतं, द्यायलाही शिकतं. पण हे परिणाम झाले, दोष नव्हे. त्यांच्यावर इलाज म्हणजे दारू सोडणं, मदत मागणं, हात आवरणं. हिब्रूत पश्चात्तापासाठी येणाऱ्या 'शूब' या क्रियापदाचा अर्थच मुळी माघारी फिरणं. आणि मेलेल्याच्या वतीनं दुसरा कोणी कसा फिरणार?

कॅथलिकांपुरतं सांगायचं तर स्पेनच्या बिशपांच्या धर्मसिद्धान्त आयोगानं 2024 मध्ये या 'वंशशुद्धी'च्या प्रार्थनांना हरकत घेतली: पिढीतून येतं ते फक्त आदामापासूनचं मूळ पाप, आणि बाप्तिस्मा ते धुतो. आपल्याकडे तर पितृदोषच क्रूस घालून परत आलाय असं मला वाटतं.

वांझपणाबद्दल मात्र चीड येते. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. मूल न झालेल्या बाईला तिच्या आजीची पापं विचारणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय तेवढा उघडावा.