क्वालालंपूरच्या सहलीबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघं आमच्याकडून चार रात्रींसाठी क्वालालंपूरला गेलात. तुमच्या तक्रारी चार: धाकट्याला दोन वर्षं पूर्ण नसताना पूर्ण तिकीट लावलं, सकाळी पोचूनही रूम दुपारी तीनला मिळाली, हॉटेलनं वरून पैसे घेतले आणि हीच सहल ऑनलाइन बावीस हजारांनी स्वस्त होती. सांगलीतून लहान मुलं घेऊन निघणाऱ्या इतरांनाही हे प्रश्न पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिकीट. विमान कंपनी मुलाचं वय बुकिंगच्या दिवशीचं नाही, प्रवासाच्या दिवशीचं धरते. बाळाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या मधेच आला. दोन पूर्ण झालेल्या मुलाला मांडीवर बसवून आणता येत नाही, परतीला त्याची स्वतःची सीट लागतेच. जातानाचं तिकीट इन्फंटचंच आहे, बिलात दोन्ही आकडे वेगळे दिलेत. त्यात बजेट एअरलाइनमध्ये दोन वर्षांपुढच्या मुलाला बहुधा मोठ्यांइतकंच भाडं पडतं. चार-पाच दिवस आधी गेलात तर हे पैसे वाचतील असं आपलं बोलणं झालं होतं, पण थोरलीची परीक्षा आड आली. ज्यांचं मूल पावणेदोनच्या पुढं आहे त्यांनी तारखा ठरवण्याआधी जन्मदाखला समोर घेऊन परतीची तारीख बघावी.

आता रूम. झोपमोड झालेली दोन लेकरं घेऊन लॉबीत बसायचं म्हणजे हाल होतात, तुमचा त्रागा खरा आहे. मुंबईहून रात्री सुटणारं विमान पाच-साडेपाच तासांत उतरतं आणि मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा मुलांच्या डोळ्यांवर पहाटेच्या साडेचारची झोप असते. इमिग्रेशन, बॅगा आणि शहरापर्यंतचा तासाभराचा रस्ता धरून नऊ-साडेनऊला हॉटेल गाठता येतं, पण चेक-इन तीनला. त्याआधी रूम द्यायची की नाही हे हॉटेलच्या हातात, तेही आदला पाहुणा गेला असेल तरच. खात्रीनं रूम हवी असेल तर आदली रात्रही बुक करावी लागते. कोटेशनमध्ये आम्ही दोन्ही दर दिले होते, तुम्ही कमी दराचा पर्याय घेतलात. माझं स्पष्ट मत असं की मूल पाचच्या आतलं असेल तर काटकसर दुसरीकडं करावी, ही रात्र सोडू नये. पहिल्या दिवशी झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी मूल रडरड करतं आणि काढलेली महागडी तिकिटंही वाया जातात. ते बजेटात बसतच नसेल तर मोठ्या बॅगा काउंटरवर ठेवून केएलसीसी पार्कला जावं. पेट्रोनास टॉवरच्या पायथ्याशी मुलांसाठी उथळ पाण्याचा तलाव आहे, तिकीट नाही. टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड मात्र हातातल्या पिशवीत हवा, नाहीतर ते सगळं काउंटरवरच्या बॅगेत अडकतं.

हॉटेलनं घेतलेली रक्कम म्हणजे मलेशियाचा टुरिझम टॅक्स. परदेशी पाहुण्यांना रूममागं दर रात्री १० रिंगिट, चार रात्रींचे ४०, म्हणजे साधारण आठ-नऊशे रुपये. तो हॉटेलातच भरावा लागतो, कोटेशनच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे.

ऑनलाइन दराचा जो स्क्रीनशॉट तुम्ही टाकलाय त्यात फक्त ७ किलोची हॅन्डबॅग आहे. चेक-इन बॅग, विमानातलं जेवण, शेजारशेजारच्या सीट, एअरपोर्टची गाडी, ५ टक्के जीएसटी आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या बिलावर आगाऊ घेतला जाणारा आयकर) त्यात नाही. या ओळी बेरजेत धरल्या की बावीस हजारांतलं फारसं काही उरत नाही. तुलना करायची तर दोन्ही कागदांवर याच ओळी शोधाव्यात.

पैसे खरे वाचतात ते चारी रात्री एकाच हॉटेलात राहिल्यानं आणि ते केएल सेंट्रल या मोठ्या रेल्वे स्टेशनजवळ घेतल्यानं. शेजारच्या ब्रिकफील्ड्समध्ये इडली, दहीभात सहज मिळतो, मुलं उपाशी राहत नाहीत. तिथूनच कोम्युटर ट्रेन थेट बाटू केव्हजच्या गुहामंदिरांना जाते, टॅक्सी लागत नाही. मुख्य गुहेला २७२ पायऱ्या आहेत, प्रॅम वर जात नाही. बाळासाठी पाठीवर किंवा पोटाशी बांधायचं कॅरियर न्यावं आणि बिस्किटाचा पुडा बॅगेत चेन लावून ठेवावा, माकडं हातातून ओढून नेतात. मलेशियाचा एमडीएसी हा अरायव्हल फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, तान्ह्या बाळाचासुद्धा. सरकारी साइटवर तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करावी.

तुमचा टीसीएस दादांच्या पॅनवर जमा आहे, त्यांच्याच रिटर्नमध्ये तो वळता होईल. रिटर्न भरण्याआधी विश्रामबागच्या ऑफिसमधून त्याचं सर्टिफिकेट घेऊन जा.