आवाज सारखा केला आणि क्रम बदलला: निपाणीच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. घरी बनवलेल्या चार ओव्हरड्राइव्ह पेडलांची, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटवणाऱ्या डब्यांची, तुलना मी एका पोस्टमध्ये केली होती. तिच्यावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमचा एक मुद्दा आधी करून बघायचा होता आणि त्यातच अकरा दिवस गेले.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ती चार पेडलं अशी: मार्शल अँपच्या धर्तीचं तीन जेफेटचं, व्हॉक्स अँपच्या धर्तीचं, ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलच्या धर्तीचं आणि मार्शलच्याच ‘गव्हनर’ पेडलच्या धर्तीचं. (अँप म्हणजे गिटारचा अॅम्प्लिफायर; फेट किंवा जेफेट हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर.) दादा बरीच वर्षं ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर बसतात. त्यांचं म्हणणं असं, की चारही पेडलांचा आवाज एका पातळीवर न आणता केलेली तुलना फुकट आहे. दुसरं, ३०० व्होल्टवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची, म्हणजे अँपमधल्या काचेच्या नळीची, हुबेहूब नक्कल ९ व्होल्टचा फेट करूच शकत नाही, म्हणून मी पेडलला ‘डब्यातला अँप’ म्हणणं ही दिशाभूल. आणि तिसरं, असलं पेडल थेट मिक्सरला जोडलं की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर येते, त्यापेक्षा एखादा सेकंडहँड मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच डब्यात असलेलं यंत्र) घ्यावा.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मी प्रत्येक पेडलचा व्हॉल्यूम नॉब मध्यावर ठेवला आणि ‘सगळ्यांना सारखी वागणूक’ दिली असं समजलो. पण तीन जेफेटचं पेडल मध्यावर जेवढं ओरडतं, तेवढं ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचं पेडल पूर्ण उघडूनही ओरडत नाही. आवाज वाढला की कानाला खर्ज आणि वरचे सूर दोन्ही जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं आणि तुम्ही रोज मिक्सरवर ते अनुभवता. म्हणजे मी ज्याला ‘भरदार’ म्हटलं, ते नुसतं मोठं होतं.

मग पुन्हा बसलो. गिटारचे तीन तुकडे पेडलशिवाय कोरडेच रेकॉर्ड केले. एक पॉवर कॉर्डचा, एक मोकळ्या कॉर्डचा आणि एक गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून वाजवलेला. इंटरफेसचा (संगणकाला आवाज जोडणाऱ्या डब्याचा) लाइन आउट गिटारपेक्षा जोरकस असतो, म्हणून तो गिटारच्या पातळीपर्यंत उतरवला आणि तेच तुकडे चारही पेडलांतून माझ्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या खोलीतल्या बारा इंची स्पीकरच्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये सोडले. माईक एकाच जागी ठेवला आणि संगणकावर चारही रेकॉर्डिंगं अर्ध्या डेसिबलच्या आत आणली. पुतण्याला मागे बसवलं. तो न सांगता तुकडे बदलायचा, मी भिंतीकडे तोंड करून वहीत लिहायचो.

क्रम बदलला, दादा. व्हॉक्सच्या एसी३० टॉप बूस्ट या अँपवरून काढलेलं पेडल, जे मी तिसरं ठेवलं होतं, ते मोकळ्या कॉर्डवर सरळ पहिलं आलं. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. मार्शलच्या धर्तीचं जेफेट पेडल, ज्याला मी डोक्यावर घेतलं होतं, ते दुसऱ्या जागी सरकलं. ट्यूब स्क्रीमरचं स्थान तेच राहिलं, आणि त्याचं कारणही त्या सर्किटमध्येच आहे. त्यातल्या ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर या जोडीमुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, कमी होत जातो. खर्ज जवळजवळ स्वच्छ राहतो आणि मधले सूर पुढे येतात. ते अँपच्या पुढे लावायला उत्तम आहे, पण अँपचं सोंग घेणं हे त्याचं कामच नाही. त्याला या स्पर्धेत उभं करणं ही माझी चूक होती.

आता खरी गोष्ट. उरलेलं पेडल मार्शलच्याच १९८८ च्या ‘गव्हनर’ पेडलच्या धर्तीचं आहे. त्यात जेफेट नाही. एक ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) आहे, लाटेचे शेंडे कापून आवाज फाटवायला लाल एलईडी आहेत आणि पुढे बास, मिडल, ट्रेबल हे तीन पॉट, म्हणजे फिरवायचे नॉब, आहेत. जास्त गेनवर हे आणि माझं तीन जेफेटचं पेडल मला वेगळं ओळखता आलं का? वीसपैकी अकरा वेळा. नाणं उडवलं असतं तरी एवढं आलं असतं. गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर असलेल्या तुकड्यात मात्र वीसपैकी अठरा वेळा ओळखलं. तिथे जेफेट हळूहळू फुटत जातो, एलईडी मात्र ठरावीक पातळी आली की एकदम कापतो.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं निम्मं उत्तर यात आहे. व्हॉल्व्ह की फेट की एलईडी, याच्यावरच सगळं ठरत असतं, तर ही दोन पेडलं डोळे बंद करूनही ओळखू यायला हवी होती. जास्त गेनवर ती आली नाहीत, कारण दोघांच्या पाठीमागची टोनची रचना एकाच घराण्याची आहे. खात्रीसाठी मी जेफेटच्या पेडलमध्ये एक स्विच बसवला. एका बाजूला फेंडर बासमन या अँपच्या ५एफ६-ए सर्किटमधली टोनची रेझिस्टर-कपॅसिटर जोडी, म्हणजे ५६ किलोओहम आणि २५० पिकोफॅराड (बाजारात २७० मिळाला, तो लावला). दुसऱ्या बाजूला नंतरच्या मार्शलची, ३३ किलोओहम आणि ५०० च्या जागी ४७०. बाकी एकही पार्ट बदलला नाही. पुतण्या गिटार वाजवत नाही, तबला वाजवतो. त्यालाही पहिल्याच कॉर्डला फरक कळला. रेझिस्टर लहान झाला की मधल्या सुरांचा खड्डा उथळ होतो. कपॅसिटर मोठा झाला की ट्रेबलचा पॉट आणखी खालपर्यंत हात घालतो. दोन पार्टांत अँपचं गाव बदललं.

आपल्याकडच्या कानाला हे नवीन नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो तेव्हा तार तीच, भोपळा तोच, पण वरचे स्वर किती आणि कुठले झणकारतील ते तो ठरवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना याच घोडीचं नवल केलं होतं. ओव्हरड्राइव्हही मूळ सुरात नसलेले वरचे स्वर उभे करतो. ते उभे करणं सोपं आहे, एक एलईडीही करतो. त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले छाटायचे, त्यात अँपचा स्वभाव असतो. आणि ती छाटणी रेझिस्टर-कपॅसिटर करतात. ते ९ व्होल्टलाही तेवढेच इमानदार असतात.

‘नक्कल’ या शब्दाचा तुम्हाला राग आला, तर मार्शलचीच गोष्ट सांगतो. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या मंडळींनी जेटीएम४५ बनवला तो फेंडर बासमन समोर ठेवूनच. सर्किट जवळजवळ तेच होतं. पण फेंडरच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ हा कमी गेनचा व्हॉल्व्ह होता, इथे ईसीसी८३ बसला, म्हणजेच १२एएक्स७. फेंडरचे चार दहा इंची स्पीकर मागून उघड्या पेटीत असायचे. इथे बंद पेटीत बारा इंची सेलेस्टियन आले. एवढ्या फरकातून जगाला एक नवा आवाज मिळाला. तेव्हा नकाशा उचलून स्थानिक पार्ट घालणं यात मला कमीपणा वाटत नाही.

पण दादा, तुमच्या मुद्द्याचं उरलेलं निम्मं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. १२एएक्स७ चा एक टप्पा पन्नास-साठ पट गेन देतो, ९ व्होल्टवरचा जेफेट त्याच्या बराच खाली राहतो. ट्रायोड (म्हणजे तसला व्हॉल्व्ह) आणि जेफेट यांचा सिग्नल वाकवण्याचा नियमही वेगळा. माझ्या डब्यात पॉवर व्हॉल्व्ह नाहीत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. जोरात वाजवल्यावर सप्लाय क्षणभर दबतो आणि पुन्हा उसळी घेतो, तेही नाही. आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सकाळी सांगली केंद्र लावायचं तर बटण दाबून मिनिटभर थांबावं लागायचं, आणि मग आवाज खोल विहिरीतून वर आल्यासारखा यायचा. ते माझ्या पेडलमध्ये नाही. पोस्टमधून ‘हुबेहूब’ हा शब्द मी काढला आहे. तिथे आता ‘प्रीअँपच्या धर्तीचं’, म्हणजे अँपच्या फक्त पहिल्या भागासारखं, असं लिहिलंय.

एक गोष्ट मूळ पोस्टमध्ये राहून गेली होती, ती तुमच्या निमित्ताने सांगतो, कारण हे पेडल बनवणारे बहुतेकजण इथेच आपटतात. जे२०१ हा जेफेट आता पायवाल्या रूपात सहसा खरा मिळत नाही. मी एका विक्रेत्याकडून दहा मागवले. जेफेटच्या तीन पायांपैकी गेट आणि सोर्स जोडून, ड्रेनला ९ व्होल्ट देऊन करंट मोजला. जे२०१ मध्ये तो ०.२ ते १ मिलिअँपिअर असायला हवा. दहापैकी सहांत तो ६ मिलिअँपिअरच्या वर गेला. वर नाव जे२०१ छापलेलं, आत भलतंच काही. असला पार्ट बसवून ड्रेनचा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) फिरवला की मीटरवर हवे ते साडेचार व्होल्ट येतात, आपल्याला वाटतं जमलं, आणि गेन मात्र कुठल्या कुठे गेलेला असतो. आता मी एमएमबीएफजे२०१ हे पृष्ठभागावर चिकटवायचे बारके पार्ट घेतो, छोट्या अडॅप्टर बोर्डावर सोल्डर करतो आणि प्रत्येक मोजून जोड्या लावतो. डोळ्यांना त्रास होतो, भिंग लागतं, पण पुढे प्रिसेटशी भांडावं लागत नाही.

तिसरा मुद्दा, चरचर. ती खरी आहे आणि आपल्या भागात हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. खानापूर असो की चिकोडी, ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याला अँप कोण देतो? केबल थेट मिक्सरला. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर स्वतःच पडतो, तो नैसर्गिक गाळणा असतो. मिक्सर आणि मोठे बॉक्स ते वरचं सगळं इमानाने वाजवतात, म्हणून तवा तापतो. म्हणजे चूक पेडलची नाही, चाळणी नसल्याची आहे. मी आता आउटपुटला टीएल०७२ या ऑपअँप चिपवर दोन टप्प्यांचा लो-पास, म्हणजे वरचे सूर गाळणारा फिल्टर, लावला आहे. प्रत्येक टप्प्यात १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ३.३ नॅनोफॅराडचे दोन कपॅसिटर. हिशेबाने त्याचा कोपरा सुमारे ४.८ किलोहर्ट्झला येतो; हळूहळू कापणं त्याच्या आधीपासूनच सुरू होतं. अँपला लावायचं असेल तर स्विचने तो बाजूला काढता येतो. वडगावच्या एका तालमीत थेट मिक्सरवर वाजवून बघितलं, आणि कीबोर्डवाल्याने पहिल्यांदाच कान झाकले नाहीत.

मल्टिइफेक्टबद्दल माझा वाद नाही. ज्याचं पोट स्टेजवर आहे त्याने तो जरूर घ्यावा. मी पेडल बनवतो कारण पार्टांचे बाराशे रुपये आणि उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वाकवून घेतलेला पत्र्याचा डबा एवढ्यात ते उभं राहतं. आणि कार्यक्रमाच्या मध्येच बिघडलं तर चार स्क्रू काढून मला आत काय झालं ते दिसतं. पावसाळ्यात खानापुरात जॅक गंजून आवाज तुटायला लागला होता, तेव्हा दहा मिनिटांत तो बदलून पुढचं गाणं वाजवलं.

शेवटी तुमच्याकडून एक हवंय. माझा ४.८ किलोहर्ट्झचा आकडा खोलीतल्या कानांनी ठरवलेला आहे. उघड्या मैदानात, तुमच्या बॉक्सवर, बायकांच्या आवाजाच्या गाण्यात गिटार कुठे आड येतं ते तुम्हालाच माहीत. गणपतीच्या आधी एखाद्या रविवारी निपाणीला येतो की ओ. चारही पेडलं आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन येतो, खिशात २.२, ३.३ आणि ४.७ नॅनोचे कपॅसिटर. तुम्ही फेडर सांभाळा, मी तिथेच बदलत बसतो.